टेकाडाला हात लावू नका

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या क्लिफर्ड्स टॉवरचं छप्पर १६८४ साली उडालं आणि २०२२ साली परत आलं. मधली तीनशे अडतीस वर्षं हा दगडी बुरूज वरून उघडाच होता. परत आलं म्हणजे जुन्या छपराची नक्कल कुणी केली नाही. बुरुजाच्या पोटात लाकडाचे चार उंच, सडपातळ खांब उभे केले, त्यांवर मंच ठेवला, आणि त्या मंचावर उभं राहून आता यॉर्क मिन्स्टर या भव्य चर्चचे मनोरे, कौलांची दाटी आणि दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेलं ते जुनं शहर पाहता येतं. या सगळ्या कामावर सुमारे पन्नास लाख पौंड खर्च झाले.

हे काम करणाऱ्या, जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेने याच बुरुजासाठी आधी वेगळीच योजना आणली होती. बुरूज ज्या मातीच्या टेकाडावर उभा आहे त्याच्या पायथ्याशी, माती कोरून, पर्यटक केंद्र बांधायचं. २०१६च्या ऑक्टोबरात शहराच्या कौन्सिलने परवानगीही दिली. लोक खवळले. सह्यांच्या मोहिमा झाल्या, कोर्टकज्ज्यासाठी वर्गणी निघाली, एका स्थानिक नगरसेवकाने प्रकरण न्यायालयात नेलं. २०१७ साली हायकोर्टात तो हरला. पुढे अपिलाची परवानगी मिळाली, पण त्या अपिलाचा निकाल लागायची वेळच आली नाही. २०१८ साली संस्थेने आपणहून योजना गुंडाळली.

या प्रकरणाकडे बघून लोक दोन टोकांची मतं मांडतात. एक गट म्हणतो, बुरुजाच्या आत एवढा मोठा लाकडी सांगाडा चालतो, मग पायथ्याशी एक बसकी इमारत झाली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? दुसरा म्हणतो, भग्न वास्तू भग्नच ठेवावी, आतही काही नको आणि खालीही नको. गडावर सिमेंट ओतू नका म्हणून घसा कोरडा करणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना ही दोन्ही मतं तोंडपाठ असतील. मला दोन्ही पटत नाहीत. आत झालेलं काम योग्य होतं, पायथ्याशी होऊ घातलेलं अयोग्य होतं, आणि हा फरक आकाराचा किंवा शोभेचा नाही. यॉर्कमध्ये स्मारक नेमकं कशाला म्हणायचं, इथूनच मतभेद सुरू होतो. माझ्या मते तिथलं खरं स्मारक खालचं टेकाड आहे. बुरूज त्याच्यावर नंतर आला.

टेकाड नैसर्गिक नाही. १०६८ साली, नॉर्मंडीहून येऊन इंग्लंड जिंकलेल्या विल्यम राजाने उत्तर इंग्लंड मुठीत ठेवण्यासाठी माती ओढवून ते रचलं. ऊझ आणि फॉस या नद्यांमधली जागा मोक्याची होती. वर लाकडी मनोरा, भोवती खंदक. जिंकलेली माणसं आपल्याला सतत दिसत राहावीत आणि आपणही त्यांना सतत दिसत राहावं, एवढाच तिथे चढून बसण्याचा हेतू. आज तिथून देखावा इतका चांगला दिसतो यात नवल नाही; ती जागा निवडलीच मुळी नजर ठेवण्यासाठी होती. पर्यटनाच्या जाहिरातीत हे कुणी लिहीत नाही, आणि लिहावं अशी अपेक्षाही नाही.

खरी गोष्ट ११९० सालची आहे.

११८९च्या सप्टेंबरात पहिल्या रिचर्डचा राज्याभिषेक झाला, आणि त्याच दिवशी लंडनमध्ये ज्यूंवर हल्ले सुरू झाले. यॉर्कच्या ज्यू समाजातले दोन मोठे सावकार, बेनेडिक्ट आणि जोस, त्या वेळी लंडनला होते. बेनेडिक्टला मारहाण करून जबरदस्तीने बाप्तिस्मा घ्यायला लावला. त्याने तो नंतर राजासमोर नाकारला, पण जखमांतून तो वाचला नाही. जोस घरी परतला. राजा धर्मयुद्धासाठी देश सोडून गेला, आणि ११९०च्या मार्चमध्ये यॉर्कमधल्या जमावाने बेनेडिक्टचं घर फोडलं, त्याच्या विधवेला आणि घरातल्यांना मारलं, होतं नव्हतं ते लुटून नेलं. तेव्हा जोसच्या पुढाकाराने शहरातली ज्यू कुटुंबं राजाच्या किल्ल्यात आश्रयाला आली. ते बरोबरच होतं. ज्यू थेट राजाच्या छत्राखाली होते. त्यांच्यावर कर बसवायचा हक्क राजाचा, तशी त्यांना राखायची जबाबदारीही राजाच्या किल्लेदाराची.

किल्लेदार कसल्याशा कामासाठी बाहेर गेला. परतला तेव्हा आतल्यांनी दार उघडलं नाही. हा माणूस आपल्याला जमावाच्या हवाली करील अशी त्यांना धास्ती वाटली, आणि मागच्या सहा महिन्यांत जे घडलं होतं ते पाहता त्यांना दोष देणं कठीण आहे. किल्लेदार शेरीफकडे, म्हणजे त्या परगण्यातल्या राजाच्या अधिकाऱ्याकडे, गेला, शेरीफने सैनिक बोलावले, आणि बघता बघता राजाच्या किल्ल्यातल्या राजाच्या आश्रितांना राजाच्याच सैनिकांनी शहरातल्या जमावाला बरोबर घेऊन वेढा घातला. शुक्रवार, १६ मार्चच्या रात्री, उद्या काय होणार हे उघड दिसत असताना, फ्रान्समधल्या ज्वान्यीहून आलेले रब्बी योम तोव्ह यांनी धर्म सोडण्यापेक्षा आपल्याच माणसांच्या हातून मरण पत्करावं असं सांगितलं. कुटुंबप्रमुखांनी बायकामुलांच्या गळ्यावरून सुरी फिरवली. जोसने आपली बायको ॲना हिला मारलं. मनोऱ्याला आग लावण्यात आली. हा मार्ग ज्यांनी घेतला नव्हता ते सकाळी, आम्ही बाप्तिस्मा घेतो, जीव वाचवा, असं म्हणत बाहेर आले. त्यांना अभय कबूल झालं होतं. बाहेर येताच त्यांनाही कापलं. एकूण दीडशेच्या आसपास माणसं गेली.

त्यानंतर जमावाने काय केलं, ते मला या प्रसंगातलं सगळ्यात बोलकं वाटतं. जमाव घरी गेला नाही. तो यॉर्क मिन्स्टरमध्ये गेला, तिथे जपून ठेवलेली ज्यूंची कर्जखतं हिसकावून घेतली आणि चर्चच्या आतच त्यांची होळी केली. म्होरक्यांपैकी रिचर्ड मॅलेबिस हा सरदार स्वतः ज्यूंचा देणेकरी होता. धर्माच्या नावाने उठलेली झुंड शेवटी खतावण्यांपाशी जाऊन थांबली. राजाचा चॅन्सेलर विल्यम लाँगचँप फौज घेऊन चौकशीला आला, तेव्हा म्होरके पसार झाले होते. शेरीफची उचलबांगडी झाली, शहरातल्या धनिकांना दंड बसला. फाशी कुणालाच नाही. राजसत्तेने पक्का बंदोबस्त केला तो ११९४ साली, आणि तो कागदांचा: ज्यूंच्या प्रत्येक कर्जाची नोंद दुप्रत व्हावी आणि एक प्रत सरकारी पेटीत राहावी. सावकार मेला तर त्याचं येणं राजाकडे वळू शकत असे, तेव्हा ते बुडून कसं चालेल? जळालेल्या माणसांवरून सरकार एवढंच शिकलं. पुढे यॉर्कमध्ये ज्यू पुन्हा राहायला आले, भरभराटही झाली, आणि १२९० साली पहिल्या एडवर्डने अख्ख्या देशातूनच त्यांना हाकललं.

आता आजच्या वादाशी याचा संबंध. आपण जो दगडी बुरूज बघतो तो त्या रात्री तिथे नव्हताच. जळाला तो लाकडी मनोरा. त्याच्या जागी पुन्हा लाकडीच बांधला, तो वादळात पडला, आणि १२४५ नंतर तिसऱ्या हेन्रीने पांढरट चुनखडी दगडात सध्याचा बुरूज बांधायला काढला. चार पाकळ्यांचा आराखडा असलेला असा बुरूज इंग्लंडात दुसरा नाही. म्हणजे त्या रात्रीचं काही उरलं असेल तर ते या दगडांत शोधून उपयोग नाही. ११९० नंतर टेकाडावर भर घालून ते आणखी उंच केलं गेलं, आणि १९०२-०३ मध्ये बुरुजाचा पाया सावरण्यासाठी खणताना मातीच्या पोटात जळक्या लाकडाचे अवशेष सापडले. पुरावा म्हणा, समाधी म्हणा, जे काही आहे ते त्या मातीत आहे.

हे एकदा मान्य केलं की बुरुजात काय करावं याबाबतचा बराचसा सोवळेपणा गळून पडतो. भग्न वास्तू जशीच्या तशी ठेवा म्हणणाऱ्यांना मी विचारीन, कोणत्या सालची भग्न? चौदाव्या शतकात टेकाड खचलं आणि भिंतीला वरपासून खालपर्यंत भेगा गेल्या, तेव्हाची? १५९६ साली रॉबर्ट रेडहेड नावाच्या तुरुंगाधिकाऱ्याने दगड काढून चुन्यासाठी विकायचा सपाटा लावला, तेव्हाची? त्याला शहरानेच वरपर्यंत तक्रार करून थांबवलं. मिन्स्टरच्या खालोखाल शहराला शोभा कशाची असेल तर ती या बुरुजाची, असा यॉर्ककरांचा युक्तिवाद होता. ज्या वास्तूने पाचशे वर्षं शहरावर डोळे वटारले तिच्याबद्दल शहराला माया वाटू लागली, ही मला इतिहासातली मोठी गमतीची उलथापालथ वाटते. ती मायाही कायमची नव्हती. सतराव्या शतकात बुरुजावर शिबंदी येऊन बसली तेव्हा लोक वैतागून त्याला ‘मिन्स्ड पाय’ (सारण भरलेली इंग्रजी पेस्ट्री) म्हणत आणि तो जमीनदोस्त होवो म्हणून पेले उंचावत. २३ एप्रिल १६८४ रोजी, सेंट जॉर्जच्या दिवशी, तोफेची सलामी झाली, आग भडकली, स्फोट झाला आणि आतले मजले व छप्पर गेलं. शिबंदीतल्या काहींनी आपलं सामान आधीच हलवलं होतं, अशी कुजबूज तेव्हापासून आहे.

पुढे तो एका खाजगी बागेतली शोभेची चीज झाला. एकोणिसाव्या शतकात तुरुंगाच्या उंच भिंतीआड गेला. १९१५ साली सरकारच्या ताब्यात आला. ती तुरुंगाची भिंत १९३५ साली पडली. यातला कुठलाही एक क्षण पकडून ‘हाच खरा बुरूज’ म्हणण्याला काही आधार नाही. छप्पर नसलेला, आत आभाळ दिसणारा बुरूज आपल्याला सुंदर वाटतो हे खरं. पण ती आवड आपली आहे, बुरुजाची गरज नाही.

बुरुजाला गरज होती ती मजल्यांची. आतले मजले नाहीसे झाल्यावर वरच्या भिंतीतली दारं, कोनाडे, जिन्यांची तोंडं सगळी अधांतरी लटकत होती. खाली उभं राहून मान वर करून बघणाऱ्याला कशाचा अर्थ कशाशी लागत नसे. भिंतीत एक अरुंद जागा आहे, तिसऱ्या हेन्रीसाठी केलेला पाण्याने धुतला जाणारा शौचकूप. १६८४ पासून तिथवर कुणाला जाता येत नव्हतं. आता लोखंडी मार्गिकेवरून चालत जाऊन तो बघता येतो, आणि मुलं अर्थातच सगळ्यात आधी तिथे धावतात. भिंतीजवळून चालताना काही दगडांवर गुलाबी झाक दिसते. हा दगड मुळात दुधाळ रंगाचा. १६८४च्या आगीत तापून तो असा झाला. स्फोट झाला, आग लागली, हे फलकावर वाचणं वेगळं आणि भाजलेला दगड हाताच्या अंतरावर असणं वेगळं. खालून ही छटा डोळ्यात भरत नाही.

नव्या रचनेत जी गोष्ट मला खरोखर दाद देण्याजोगी वाटते ती अशी, की ती जुन्या भिंतींवर रेलत नाही. मंचाचा सगळा भार चार खांबांवरून खाली येतो, आणि खाली तो एका पसरट पायावर वाटला जातो. टेकाडात खोल खांब ठोकलेले नाहीत. मार्गिका वरच्या मंचाला लटकवलेल्या आहेत. उद्या कुणाला हे सगळं नको झालं तर उतरवून नेता येईल आणि बुरूज होता तसा राहील. १९६४च्या व्हेनिस सनदेने जुन्या वास्तूंच्या बाबतीत जगभरच्या जाणकारांना एक पथ्य घालून दिलं: नवी भर घालायची तर ती नवी म्हणून ओळखू यावी, जुन्याचा आव आणू नये. इथे लाकूड लाकडासारखं दिसतं. कुणाला ते खटकतं. मला मात्र, तेराव्या शतकातला वाटावा असा खोटा मजला बांधला असता तर जास्त खटकलं असतं.

या कामावरचा गंभीर आक्षेप वेगळाच आहे. जिथे दीडशे माणसं मेली तिथे आपण गॅलरी बांधली, लोक वर येतात, मिन्स्टर पाठीशी घेऊन फोटो काढतात आणि उतरतात. हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. इंग्लिश हेरिटेजच्या जाहिरातीत देखाव्यालाच पहिलं स्थान असतं, कारण तिकीट त्यावर खपतं. तरीही देखावा बंद करून स्मरण वाढतं असं मानायला मी तयार नाही. २०२२ पूर्वी लोक तटावर चढून तोच देखावा बघत होते आणि ११९०ची हकीकत त्यांच्यापर्यंत फारशी पोचत नव्हती. आता आत ध्वनिमुद्रित आवाजांतून ती सांगितली जाते. सांगण्याला जागा मिळाली ती थांबायला जागा झाल्यामुळे. ज्याला ऐकायचं नाही तो तेव्हाही ऐकत नव्हता.

आता पायथ्याकडे येऊ. इंग्लिश हेरिटेजची बाजू अगदीच लंगडी नव्हती, आणि विरोधकांनी ती कधी नीट मांडली नाही. संस्थेचं म्हणणं होतं की ज्या कडेला केंद्र बांधायचं ती मूळ माती नाहीच. तुरुंगाची भिंत पाडल्यावर १९३५ साली घातलेली भर आहे. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे. दुसरी बाब पैशाची. २०१५ साली सरकारने ही संस्था धर्मादाय म्हणून वेगळी काढली, एकरकमी आठ कोटी पौंड दिले आणि पुढच्या आठेक वर्षांत स्वतःच्या पायावर उभी राहा असं सांगितलं. तिच्याकडे चारशेहून जास्त वास्तू आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी तिकीटसुद्धा नाही. अशा संस्थेला जिथे गर्दी आहे तिथेच कमाई करावी लागते. यॉर्कला गर्दी आहे. दोष द्यायचा तर आधी त्या सरकारी हिशेबाला द्यायला हवा, ज्याने वारशाची देखभाल दुकानाच्या गल्ल्यावर सोपवली.

तरी योजना चुकीचीच होती. १९३५ची माती म्हणून ती कोरायला मोकळी, हा तर्क मला हिशेबनीसाचा वाटतो. त्या टेकाडाची किंमत त्याच्या कणाकणाच्या वयावर ठरत नाही. ते अखंड आहे, त्याच्या उतारावर काही बांधलेलं नाही, चारी बाजूंनी ते एकसंध मातीचा ढीग म्हणून दिसतं, यावर ठरते. एका कुशीत दार आणि काचा बसवल्या की ते टेकाड राहत नाही, इमारतीची मागची बाजू होते. शिवाय याच पायथ्याशी १९७८ साली बसवलेला स्मृतिफलक आहे. यहुदी परंपरेत थडग्यावर खडा ठेवतात, तसे खडे इथेही ठेवलेले दिसतात. त्याच्या शेजारी विक्रीची जागा काढण्याची कल्पना ज्या बैठकीत मंजूर झाली तिथे हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला की नाही, कोण जाणे.

आतल्या मंचाला आणि पायथ्याच्या केंद्राला मी एकाच मापाने मोजतो आहे. बुरूज ही वापरायची वास्तू होती. तिच्यात मजले होते, ते गेले, पुन्हा आले. टेकाडाचं ११९० नंतरचं काम एकच, जे पोटात आहे ते झाकून ठेवणं.

पण विरोधकांच्या विजयाला एक किंमत पडली, आणि ती त्यांनी मोजली नाही. टेकाडावर जायला पन्नासेक उंच पायऱ्या आहेत. २०२२च्या कामात मधे विसाव्याच्या जागा झाल्या, कठडे नीट झाले, पण चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला वर जायला आजही मार्ग नाही. टेकाड न कापता तो करणं जवळपास अशक्यच आहे. रद्द झालेलं केंद्र जमिनीच्या पातळीवर होतं. त्यात या माणसांना निदान हकीकत तरी ऐकता आली असती. म्हातारी माणसं, गुडघे गेलेली माणसं, बाबागाडी घेऊन आलेल्या आया, या सगळ्यांसाठी ११९०ची गोष्ट आज पायथ्याच्या एका फलकावर संपते. टेकाड वाचवलं म्हणून पाठ थोपटून घेणाऱ्या कुणीही यावर दुसरा उपाय सुचवल्याचं दिसत नाही.

आणि त्या फलकावर काय आहे? तारीख आहे, सुमारे दीडशे ज्यू स्त्री-पुरुषांचा उल्लेख आहे, मॅलेबिस आणि इतरांनी चिथावलेला जमाव आहे, धर्म न सोडता एकमेकांच्या हातून मरण पत्करल्याचं आहे. कर्जखतं मात्र नाहीत. मिन्स्टरमधली होळी नाही. ती वगळली की उरतो तो नुसता धर्मद्वेष, म्हणजे मध्ययुगातल्या अडाणी लोकांचं वेड, ज्याच्याशी आजच्या वाचकाला आपला काही संबंध वाटू नये. देणं बुडवण्यासाठी शेजाऱ्याला मारणारे हे शहाणेसुरते, हिशेबी लोक होते, हे कळलं तर वाचणारा थोडा अस्वस्थ होईल. मला तो अस्वस्थ व्हायला हवा आहे. उतारावर १९९०च्या सुमारास लावलेले डॅफोडिल मार्चमध्ये, स्मरणदिनाच्या आसपास फुलतात. सहा पाकळ्यांचं फूल म्हणून ते निवडलं, ज्यूंचं चिन्ह असलेल्या दाविदाच्या ताऱ्याच्या सहा टोकांसाठी. कल्पना सुरेख आहे. पण फुलांचे फोटो काढणाऱ्यांना ती माहीत असते असं वाटत नाही.

या सगळ्या वादात ज्याच्याकडे फारसं कुणी बोट दाखवलं नाही ती वस्तू सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. टेकाडाच्या पायथ्याला लागून कौन्सिलचं वाहनतळ आहे. पर्यटक केंद्रामुळे बुरुजाचं दृश्य बिघडेल म्हणून लोक रस्त्यावर आले, त्या दृश्यात कित्येक वर्षं गाड्यांच्या टपांची रांग होती. कारण उघड आहे: पार्किंगचं उत्पन्न कौन्सिलला हवं आणि गावाच्या मधोमध गाडी लावायची सोय लोकांना हवी. याच जागी मोठं खरेदी संकुल काढायची योजना २००३ साली केंद्र सरकारने चौकशीनंतर फेटाळली. त्यानंतर गाड्या हटवून मोकळी सार्वजनिक जागा करायचे आराखडे आले, चर्चा झाल्या, आणि प्रत्येक वेळी गाडी अडली ती एकाच ठिकाणी: बदली पार्किंग कुठे आणि बुडालेलं उत्पन्न कोण भरून देणार.

यॉर्कला या बाबतीत पूर्वानुभव आहे. शहराच्या तटाबाहेर ज्यूबरी नावाच्या भागात मध्ययुगीन ज्यू समाजाची दफनभूमी होती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे सुपरमार्केट उभं राहायचं होतं म्हणून उत्खनन झालं आणि जवळपास पाचशे सांगाडे निघाले. धार्मिक नेत्यांच्या आग्रहावरून ते १९८४ साली पुन्हा पुरले गेले. सुपरमार्केट झालंच, आणि त्याचं वाहनतळही झालं. म्हणजे या शहरात त्या समाजाच्या दोन मोठ्या खुणा, आणि दोन्हींच्या अंगावर वा अंगालगत गाड्या लावायची सोय. कुणाच्या मनात दुष्टावा होता असं मी म्हणत नाही. शहरातली जी जमीन कुणाचीच नसल्यासारखी दिसते ती पार्किंगला जाते, आणि सातशेहून जास्त वर्षांपूर्वी ज्यांना हाकललं त्यांची जमीन तशी दिसणारच.

मग करायचं काय? मला वाटतं उत्तर टेकाडापासून हाकेच्या अंतरावर उभं आहे. समोरच्या मोकळ्या चौकाला, आय ऑफ यॉर्कला, लागून अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्ण झालेला देणेकऱ्यांचा तुरुंग आहे. आज त्यात शहराचं कॅसल म्युझियम चालतं. जमिनीच्या पातळीवरची, आधीपासून बांधलेली, छप्पर असलेली इमारत. ११९०ची पूर्ण हकीकत, कर्जखतांसकट आणि ११९४च्या सरकारी पेटीसकट, तिथल्या तळमजल्यावरच्या दोन दालनांत तिकीट न लावता मांडता येईल. कर्ज हा या गोष्टीचा कणा, आणि ती सांगायला कर्ज थकवणाऱ्यांना कोंडलेली जागा हाताशी आहे, हा योग वाया घालवू नये. अडचण भिंतींची नाही, संस्थांची आहे: बुरूज इंग्लिश हेरिटेजकडे, संग्रहालय शहराच्या म्युझियम ट्रस्टकडे, वाहनतळ कौन्सिलकडे. तिघांच्या तिकीट-खिडक्या वेगळ्या आणि ताळेबंदही वेगळे. जी वर्गणी टेकाडाच्या बचावासाठी निघू शकली ती या दोन दालनांसाठीही निघेल. कौन्सिलने बदली पार्किंगची वाट न बघता आधी टेकाडाला खेटून असलेल्या रांगा बंद कराव्यात, बाकीच्या मागाहून. आणि १९७८चा फलक आहे तिथेच ठेवून त्याच्या शेजारी दुसरा लावावा, ज्यावर त्या रात्रीनंतर जमाव कुठे गेला ते लिहिलेलं असेल.